गोलांची खातेवही

धनराज पिल्लेने भारतासाठी एकूण किती गोल केले? प्रश्न साधा आहे. चौथीतल्या मुलानेही विचारावा असा. उत्तर शोधायला बसले की हाती येते ते असे : आंतरराष्ट्रीय सामने ३३९, गोल एकशे सत्तरच्या आसपास. सामन्यांचा आकडा एककापर्यंत नेमका, आणि गोलांच्या पुढे मात्र 'आसपास'!

ज्याचे सारे उमेदीचे आयुष्य बँकेत गेले, त्याच्या डोळ्यांत हा 'आसपास' कुसळासारखा सलतो. माझ्या नोकरीची पहिली बारा-पंधरा वर्षे संगणकापूर्वीच्या काळातली. जाडजूड लेजरे, त्यांचे लाल कापडी पुठ्ठे आणि महिनाअखेरची तेरीज. पाच पैशांचा फरक निघाला तरी अख्खी शाखा रात्री नऊ-दहापर्यंत आकड्यांवर बोट फिरवीत बसायची. चहावाला दोनदा येऊन जायचा. घरची मंडळी कंटाळायची. नवा पोरगा वैतागून म्हणायचा, "साहेब, पाच पैसे मी खिशातून टाकतो, पण जाऊ द्या." त्यावर आमचे जुने हेडकॅशियर शांतपणे सांगत, "बाबू, प्रश्न पाच पैशांचा नाही. ते कोणाचे आहेत, हा आहे."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. म्हणून विचारावेसे वाटते, की देशासाठी केलेले गोल कोणाचे होते? त्यांची खातेवही कोणी ठेवायची होती? धनराज खेळत होता त्या काळात भारतीय हॉकी महासंघाने खेळाडूंच्या गोलांची अधिकृत, नेमकी नोंद ठेवलीच नाही. आज जो आकडा सांगितला जातो तो स्वतः धनराजच्या सांगण्यावर आणि हॉकीची आकडेवारी हौसेने जमवणाऱ्या अभ्यासकांच्या मेहनतीवर उभा आहे. म्हणजे खातेदारानेच आपले पासबुक आठवणीने लिहायचे, असा हा प्रकार. त्याच काळात पलीकडच्या पाकिस्तानच्या सोहेल अब्बासच्या नावावर मात्र ३४८ आंतरराष्ट्रीय गोल स्वच्छ लिहिलेले आहेत. तेव्हा मोजता येत नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

हिशेब कसा ठेवतात ते पाहायचे तर जरा दूर, कॅनडात जावे लागेल. तिथे हॉकी म्हटले की बर्फावरचीच. पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती आणि एका बाजूला सहा खेळाडू. आपल्याकडे लडाखात हा खेळ रुजला आहे, पण नागपूरच्या उन्हात आपल्याला तो स्वप्नातलाच वाटणार. या खेळाचा सम्राट वेन ग्रेट्स्की. ब्रँटफर्ड नावाच्या गावातला. वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत नोकरीला. हिवाळा आला की हे गृहस्थ घरामागच्या अंगणात पाणी सोडून ते गोठवीत आणि पोरासाठी मैदान तयार करीत. त्या अंगणातून निघालेला हा मुलगा १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षे उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळला. १९८८ साली त्याला एडमंटनहून लॉस एंजेलिसला नेले, तेव्हा त्या सौद्यात खेळाडूंच्या अदलाबदलीखेरीज दीड कोटी डॉलर रोख मोजले गेले.

पण मला भुरळ पडली ती त्या पैशांची नाही, त्याच्या खात्याची. सामने १४८७. गोल ८९४. आणि त्यापुढे आणखी एक रकाना आहे. त्याला तिकडे 'असिस्ट' म्हणतात. म्हणजे गोल दुसऱ्याने मारला, पण त्याच्यापर्यंत चकती कोणी पोचवली? त्याचेही नाव लिहायचे. ग्रेट्स्कीच्या या रकान्यात १९६३ आहेत. दोन्ही मिळून गुण २८५७. गंमत अशी, की त्याचे सगळे गोल पुसून टाकले आणि केवळ दुसऱ्यांना करून दिलेले गोल धरले, तरी तो आकडा त्या लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या एकूण गुणांपेक्षा मोठा भरतो! पुढे ६ एप्रिल २०२५ रोजी रशियाच्या अलेक्झांडर ओव्हेचकिनने ८९५वा गोल केला आणि गोलांचा विक्रम मोडला. तो क्षण जगाला साजरा करता आला, कारण ८९४ हा आकडा कोणाच्याही मनात 'आसपास' नव्हता.

आता परत आपल्या मुलुखात येऊ. पुण्याच्या खडकीत दारूगोळा कारखाना आहे, इंग्रजांनी १८६९ साली काढलेला. आपल्या अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे अशा कारखान्यांचे जग नागपूरकरांना परके नाही. सायरन, पाळ्या, रांगेत उभी क्वार्टर्स, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे आणि मध्ये एक मैदान. खडकीच्या त्या वसाहतीतल्या मैदानाची निगा राखण्याचे काम नागलिंगम पिल्ले यांच्याकडे होते. कुटुंब तमिळ. पत्नी अंदालम्मा. १६ जुलै १९६८ रोजी त्यांच्या घरात धनराज जन्मला. तिकडे वॉल्टर ग्रेट्स्की अंगणात पाणी गोठवीत होते, इकडे नागलिंगम मैदान राखीत होते. दोन्ही बापांनी मुलांना मैदान दिले. फरक पुढच्या वाटेत पडला.

पिल्ले बंधूंकडे नवी स्टिक घ्यायला पैसे नव्हते. मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिका आणि निकामी चेंडू यांच्यावर खेळ चालायचा. मैदान मऊ मातीचे, पावसाळ्यात चिखलाचे. डोळ्यांसमोर आदर्श मोहम्मद शाहिदचा. बनारसचा हा जादूगार चेंडू स्टिकला चिकटवून पळायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज मुंबईला गेला. थोरला भाऊ रमेश तिथे आरसीएफकडून खेळत होता आणि भारताकडूनही खेळून आला होता. भावाने त्याला घडवले. मग महिंद्र अँड महिंद्र संघात जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन मिळाले. डिसेंबर १९८९मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात तो पहिल्यांदा भारताकडून उतरला.

त्याचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना वर्णन करून सांगावे लागत नाही. कपाळावर उडणारे लांब केस, किंचित वाकलेले शरीर आणि उजव्या बगलेतून अशी मुसंडी, की बचाव करणारा वळून पाहीपर्यंत हा डीच्या तोंडाशी. अलीकडे बरेचसे गोल पेनल्टी कॉर्नरवर होतात. चेंडू थांबवायचा आणि ताकदीने फेकायचा, याचे तंत्र असते आणि त्याचे खास कारागीर असतात. धनराजचे गोल मुख्यतः मैदानी. म्हणजे चेंडू हिसकावून, धावून, चकवून केलेले. आणि त्याहून महत्त्वाचे, त्याने बगलेतून आणून आयते समोर ठेवलेले चेंडू इतरांनी जाळ्यात ढकलले, ते कितीतरी. आपल्या हॉकीच्या गुणपत्रकावर गोल मारणाऱ्याचे नाव येते, आणून देणाऱ्याचे येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमेची नोंद झाली, पण पैसे कोणाकडून आले ते व्हाउचरच हरवले!

ताळेबंद मांडायचा तर मांडू. १९९२, १९९६, २०००, २००४ : चार ऑलिम्पिक. १९९०, १९९४, १९९८, २००२ : चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा. १९९५, १९९६, २००२, २००३ : चार चॅम्पियन्स ट्रॉफी. या चारही स्पर्धांत चार-चारदा खेळलेला हा माणूस. १९९४च्या सिडनीतल्या विश्वचषकानंतर जगाचा संघ निवडला गेला तेव्हा त्यात एकच भारतीय होता, धनराज. २००२च्या कोलोनमधल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा त्याचे वय चौतीस. अर्जुन पुरस्कार, १९९९-२०००चा खेलरत्न, पद्मश्री. ही जमेची बाजू.

आणि नावेची? बार्सिलोना सातवे, अटलांटा आठवे, सिडनी सातवे, अथेन्स सातवे. चार ऑलिम्पिकमध्ये एकही पदक नाही. विश्वचषकात सर्वांत वरचा क्रमांक पाचवा. तो सर्वश्रेष्ठ खेळत होता तेव्हा भारतीय हॉकीचा पडता काळ सुरू होता. १९७६च्या माँट्रिअल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात गावोगावी टर्फ पसरले, आमची पोरे मात्र माती आणि गवतावर शिकून थेट टर्फवर उभी राहात होती. मातीवर चेंडू उडतो, थांबतो, मनगटाला वेळ मिळतो. टर्फवर तो सरळ आणि सुसाट येतो. तिथे छाती आणि पाय लागतात. १९८०चे मॉस्कोचे सुवर्ण आणि २०२१चे टोकियोचे कांस्य यांच्यामध्ये एकेचाळीस वर्षांची दरी आहे. धनराजची सगळी कारकीर्द त्या दरीत गेली.

तरी बँकॉक होते. डिसेंबर १९९८. धनराज कर्णधार, महाराजकिशन कौशिक प्रशिक्षक. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, १-१ असा बरोबरीत सुटला. मग पेनल्टी स्ट्रोक. गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला आणि भारताने ते ४-२ असे जिंकले. आशियाई सुवर्ण बत्तीस वर्षांनी आले होते. यापूर्वीचे १९६६चे, तेही बँकॉकमधलेच. स्पर्धेत सर्वाधिक गोल कर्णधाराचेच. त्या दिवसांत आमच्या शाखेत, जिथे एरवी क्रिकेटशिवाय दुसरा विषय नसे, तिथे दोन-तीन दिवस हॉकीची चर्चा होती.

आणि मग जे घडले ते आजही सांगताना जीभ अडखळते. विजेत्या संघातल्या खेळाडूंनी मानधनाचा आणि सोयींचा विषय काढला होता. धनराज त्यांच्या पुढे होता. त्याचा स्वभाव तसाच, मनातले तोंडावर. लगेच पाकिस्तानविरुद्धची मालिका आली, आणि संघ जाहीर झाला तेव्हा कर्णधार धनराजसह बँकॉकचे सहा विजेते त्यात नव्हते. प्रशिक्षक कौशिकही गेले. कारण सांगितले गेले विश्रांतीचे. सुवर्णपदकाचे सोने अजून गळ्यात चमकत होते आणि सक्तीची विश्रांती!

धनराज तापट होता हे कोणी नाकारणार नाही. तो पंचांशी भांडला, पदाधिकाऱ्यांशी भांडला, पत्रकारांसमोर रडलाही. संस्था चालवणाऱ्याला असा माणूस सांभाळणे कठीण जाते, हे मी स्वतः पंधरा-वीस माणसांच्या शाखा सांभाळल्यामुळे जाणतो. पण शाखेत जो सर्वांत जास्त ठेवी आणतो त्याने पंखा मागितला, तर त्याची बदली करायची नसते. पंख्याचे काय करता येईल ते आधी पाहायचे असते.

पोटासाठी मग परदेश. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधले लिऑन, जर्मनीतले स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले क्लब, ढाक्याचे अबाहनी, हाँगकाँगचे खालसा. व्यावसायिक खेळाडू म्हणून तो इतक्या गावांचे पाणी प्यायला. घरची नोकरी इंडियन एअरलाइन्समधली. ग्रेट्स्कीसाठी शहरे कोट्यवधी डॉलर मोजत होती, आणि जगाच्या संघात निवडला गेलेला आमचा आघाडीवीर पाहुण्या क्लबांकडून हंगाम-हंगाम खेळत फिरत होता. एकाच नावाचे हे दोन खेळ, पण बाजारभाव किती वेगळा!

२००० साली सिडनीत पोलंडविरुद्ध जिंकले की उपांत्य फेरी, असा हिशेब होता. भारत १-० असा पुढे होता. सामना संपत आला असताना पोलंडने बरोबरी साधली. दार उघडता उघडता बंद झाले. मैदानावर धनराज कोसळून रडला. पुढे त्याच्या चरित्राचे नाव ठेवले गेले 'फरगिव्ह मी अम्मा'. संदीप मिश्र यांनी ते लिहिले, २००७ साली आले. आईची क्षमा मागणारे शीर्षक! ३३९ सामने खेळलेल्या मुलाने क्षमा मागावी, अशी त्याची चूक कोणती होती, हा प्रश्न ते शीर्षक वाचून मला फार दिवस छळत होता. मला वाटते, आपल्या साध्या घरांतली मुले यश मिळाले नाही तर आईचीच क्षमा मागतात. व्यवस्थेची क्षमा मागायची नसते, आणि व्यवस्था तर कोणाचीच मागत नाही.

तरी तो उठला. २००३मध्ये क्वालालंपूरला आशिया चषक त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिल्यांदा जिंकला, अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ असे हरवून. अथेन्स हे त्याचे चौथे आणि शेवटचे ऑलिम्पिक. तिथे तो बराच वेळ राखीव बाकावरच बसलेला दिसला. छत्तिसाव्या वर्षी कारकीर्द संपली.

हे सगळे आज का लिहायचे? कारण मला एक दुसरा खेळाडू आठवतो. त्याचे नाव सांगत नाही. एका शाखेत तो माझ्या हाताखाली कारकून होता, खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला. हॉकीचाच. दुपारी सरावाला सुटी मिळायची म्हणून बाकीचे त्याच्यावर जळायचे. मग गुडघा गेला, सराव सुटला आणि तो कायमचा काउंटरवर बसला. पुढे पदोन्नतीच्या वेळी खेळातल्या कामगिरीचे पुरावे मागितले गेले. त्याच्यापाशी तीन-चार प्रमाणपत्रे आणि एका जुन्या पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात बायकोने जपून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे, एवढेच निघाले. कात्रणांत संघाचा निकाल होता, याचे नाव दोनच ठिकाणी. "मी किती गोल केले ते मला माहीत आहे साहेब," तो म्हणाला, "पण कागदावर नाहीत." ती कात्रणे कोणी ग्राह्य धरली नाहीत. तो कारकून म्हणूनच निवृत्त झाला. कडवट झाला नाही, हे त्याचे मोठेपण. पण त्याने आपल्या मुलाला स्टिक हातात घेऊ दिली नाही.

इथे माझ्या मते खरे नुकसान झाले. धनराजला निदान जगाने पाहिले. त्याचे 'आसपास'सुद्धा मोठे आहे. पण नोंद न ठेवण्याची सवय वरून खाली झिरपत जाते. देशाचा महासंघ आपल्या सर्वोत्तम आघाडीवीराचे गोल लिहून ठेवीत नसेल, तर जिल्ह्याच्या मैदानावरच्या पोराचे कोण लिहिणार? आणि ज्या घरात महिन्याचा पगार मोजून खर्च होतो, त्या घरातले आईबाप पोराच्या खेळाकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारतात, की याचे पुढे काय? त्या प्रश्नाचे उत्तर टाळ्यांत नसते, कागदावर असते.

दिवस पालटले आहेत, हेही नमूद करायला हवे. टोकियोनंतर २०२४ला पॅरिसमध्येही भारताने कांस्य मिळवले. हॉकी इंडिया लीगच्या नव्या पर्वासाठी २०२४ साली लिलाव झाला, त्यात हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली. आता प्रत्येक गोल, कोणत्या मिनिटाला, कशावर, हे सामना चालू असतानाच जगभर कळते. खेलरत्न पुरस्काराला २०२१पासून मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. ही सगळी मोठ्या मैदानांची गोष्ट झाली.

लहान मैदानांचे काय? आमच्या प्रताप नगरच्या परिसरात संध्याकाळी फिरायला निघालो की क्रिकेटच्या शिकवणीला जाणारी मुले दिसतात, पाठीवर उंच किट, मागे स्कूटरवर आई. कधी एखाद्या मुलीच्या दप्तरातून हॉकीची स्टिक डोकावते. मला तिला थांबवून विचारावेसे वाटते, की बेटा, तुझे गोल कोण लिहितो? मैदानावर गुणलेखक असतो का? चेंडू तू आणून दिलास आणि गोल मैत्रिणीने मारला, तर तुझे नाव कुठे येते?

आईबापांना माझे सांगणे एवढेच. शंभर पानी वही फार महाग नसते. तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी संघ, निकाल, आपल्या पोराचे किंवा पोरीचे गोल आणि शेजारी आणखी एक रकाना, दुसऱ्यांना करून दिलेल्या गोलांचा. खाली प्रशिक्षकाची सही. पाच मिनिटांचे काम आहे. पोर मोठे खेळाडू झाले तर वही संग्रहालयात जाईल. नाही झाले, तरी उद्या कोणत्या टेबलावर पुरावा मागितला गेला तर त्याला हात हलवीत परत यावे लागणार नाही. आणि समजा यातले काहीच झाले नाही, तरी पन्नाशीत कधीतरी ती वही उघडून त्याला नेमके सांगता येईल, की मी इतके गोल केले. आसपास नव्हे, इतके.